गेला पावसाळा या कॅमेऱ्याने कुठे काढला?

डिचोलीहून आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजवर आपण मोबाईलवर फोटो काढत आलात. आता गावची जत्रा, शिगमो आणि देवळासमोरच्या मांडवात रात्रभर चालणारी नाटके नीट टिपायची आहेत. तुळशीचे लग्न आटोपल्यावर जमल्यास लहानसहान लग्नांची कामेही घ्यायची आहेत, आणि त्यासाठी हातात एकूण ६०,००० रुपये आहेत. एका बाजूला दुकानातला कोरा, सुरुवातीच्या श्रेणीतला कॅमेरा १८-५५ किट लेन्ससह, म्हणजे खोक्यात सोबत येणाऱ्या साध्या झूम लेन्ससह, त्या रकमेत बसतो. दुसऱ्या बाजूला परराज्यातील एका विक्रेत्याकडे निकॉन डी७५० ची रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेली पण तपासून पुन्हा विकायला काढलेली, बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) ५४,००० रुपयांना, सहा महिन्यांच्या वॉरंटीसह मिळते आहे आणि तिच्या शटरचा आकडा, म्हणजे आजवर काढलेल्या फोटोंची मोजणी, ६२,००० सांगितला आहे. या दोहोंपैकी काय घ्यावे, असे आपण विचारले आहे.

फोंडा तालुक्यात राहून गेली बावीस वर्षे मी लग्ने, देवकार्ये आणि रंगमंचावरचे प्रयोग यांचे छायाचित्रण करतो. या काळात पोटासाठी वापरलेल्या कॅमेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माझ्याकडे दुसऱ्याच्या हातून आले. वापरलेल्या वस्तूबद्दल माझ्या मनात अढी नाही, हे आधीच सांगतो. तरीही आपला प्रश्न ‘नवा की रिफर्बिश्ड’ असा मांडला, तर त्याचे नेमके उत्तर मिळणार नाही असे मला वाटते. कॅमेरा कोणी तपासला, तपासून कागदावर काय लिहून दिले, आणि मागचा पावसाळा त्या कॅमेऱ्याने कुठे व कसा काढला, हे तीन प्रश्न खरे आहेत. त्यांतला तिसरा प्रश्न कोरड्या प्रदेशातील जाणकार विचारत नाहीत. गोव्यात राहणाऱ्याने मात्र तो सर्वांत आधी विचारावा.

रिफर्बिश्ड या एका शब्दाखाली बाजारात निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. काही ठिकाणी परत आलेला कॅमेरा उत्पादक कंपनीच आपल्या कारखान्यात किंवा सेवाकेंद्रात तपासते, लागेल तो भाग बदलते आणि स्वतःच्या वॉरंटीवर पुन्हा विकते. असा कॅमेरा मिळाला तर तो जवळजवळ नव्यासारखाच समजावा. आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा विक्रेता जुना कॅमेरा विकत घेतो, आपल्या तंत्रज्ञाकडून तपासून घेतो आणि स्वतःच्या नावाने काही महिन्यांची वॉरंटी देतो. यातही प्रामाणिक माणसे पुष्कळ आहेत, परंतु तपासणी किती खोलवर झाली हे त्या दुकानावर अवलंबून असते. आणि काही विक्रेते बॉडी पुसून, सैल झालेले रबर नवे चिकटवून, तीच वस्तू या नावाने चढ्या किमतीला देतात. त्यामुळे नावावर न जाता विक्रेत्याला असे विचारावे: नेमके काय तपासले, कोणता भाग बदलला, वॉरंटीत काय येते व काय येत नाही, आणि हे बिलावर किंवा निदान ईमेलमध्ये अनुक्रमांकासह लिहून द्याल का? जो याचे सरळ उत्तर देतो त्याच्याशी पुढचे बोलणे करावे. जो ‘काळजी करू नका, एकदम नव्यासारखा आहे’ एवढेच सांगतो, त्याच्याकडून मी स्वतः कधी घेतलेले नाही.

आता आपल्या हातातील पैशांचा विचार करू, कारण निर्णयाचा मोठा भाग तिथेच आहे. आपल्याला जे टिपायचे आहे ते बहुतेक रात्रीचे आणि कमी उजेडातले आहे. मांडवातील नाटकात पिवळट दिव्याखाली नट सतत हालत असतो, दिवजांच्या रात्री उजेड असतो तो केवळ पणत्यांचा, आणि शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेतील होमकुंडाजवळ एकीकडे प्रखर आग तर दुसरीकडे मिट्ट काळोख असतो. अशा ठिकाणी कॅमेऱ्यात किती उजेड शिरतो हे आधी लेन्स ठरवते आणि मग सेन्सर, म्हणजे आत उजेड टिपणारा भाग. १८-५५ किट लेन्स ५५ मिलिमीटरवर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे). ५० मिलिमीटरची साधी, स्वस्त एफ/१.८ लेन्स तिच्या सुमारे साडेनऊ पट उजेड आत घेते. याउलट डी७५० सारख्या फुलफ्रेम (मोठ्या) सेन्सरचे क्षेत्रफळ निकॉनच्या क्रॉप (लहान) सेन्सरच्या सव्वादोन पट असते. म्हणजे लेन्स बदलल्याने साडेनऊ पटींचा फरक पडतो, तर सेन्सर बदलल्याने साधारण सव्वादोन पटींचा. दोन्ही मिळाले तर उत्तमच, पण पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर ते कुठे घालावेत हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते.

आपण ५४,००० रुपये बॉडीतच घातले, तर उरलेल्या ६,००० रुपयांत लेन्स, जादा बॅटरी, दोन कार्डे आणि कॅमेरा कोरडा ठेवण्याची सोय हे सारे बसवावे लागेल, आणि ते बसणार नाही. मग उधारीवर मिळालेली कुठलीतरी जुनी झूम लेन्स त्या उत्तम बॉडीवर चढते. असे कॅमेरे मी अनेक नवशिक्या मुलांच्या हातात पाहिले आहेत आणि त्यांची निराशाही पाहिली आहे. नव्या किटमध्येही हीच अडचण निराळ्या रूपाने येते, कारण तिथे पैसे कोऱ्या खोक्यासाठी आणि वॉरंटीसाठी जातात आणि रात्रीच्या नाटकात उपयोगी पडणारी लेन्स पुन्हा राहूनच जाते. रिफर्बिश्ड घेण्याचे सर्वांत सबळ कारण मला हेच वाटते की बॉडीवर वाचलेले पैसे लेन्सकडे वळवता येतात. ते वळवायचे नसतील तर निम्मा फायदा गेलाच म्हणून समजावे.

किमतीतील फरक किती असावा, याचा माझा आडाखा असा आहे. त्याच मॉडेलच्या नव्या किमतीपेक्षा, अथवा ते बंद झाले असेल तर त्याच तोलाच्या आजच्या नव्या मॉडेलपेक्षा, रिफर्बिश्ड कॅमेरा निदान तीस टक्क्यांनी स्वस्त असावा. समजा नवा ५०,००० ला आणि रिफर्बिश्ड ४२,००० ला आहे. वाचलेल्या ८,००० रुपयांतून एक अस्सल बॅटरी घ्यावी लागते, सेन्सर साफ करून घ्यावा लागतो, आणि वर्षभरात एकदा जरी कॅमेरा दुरुस्तीसाठी मुंबईला पाठवावा लागला तरी बचत संपते. माझे कॅमेरे मोठ्या कामासाठी आजही मुंबईला जातात, आणि त्या दोन-तीन आठवड्यांत हाती कॅमेरा नसतो, ही किंमत कुणाच्याच बिलात दिसत नाही. फरक एवढा थोडा असेल तर निःशंकपणे नवा घ्यावा.

शटरच्या आकड्याबद्दल आपण विशेष विचारले आहे. निकॉनने डी७५० चे शटर १,५०,००० वेळा उघडझाप करून तपासलेले आहे, म्हणून ६२,००० हा आकडा वाईट नाही. १,५०,००० ही हमी मात्र नव्हे. काही शटर त्याच्या दुप्पट चालतात आणि काही त्याआधीच थकतात. लग्नाच्या एका दिवसात माझेच दोन-अडीच हजार फोटो होतात आणि हंगामात चाळीस लग्ने झाली तर एका वर्षात लाखाच्या घरात आकडा जातो. त्यावरून हा कॅमेरा व्यावसायिकाने वापरला की हौशी माणसाने, याचा अंदाज येतो. आकडा स्वतः पडताळणे निकॉनमध्ये सोपे आहे, कारण तो प्रत्येक फोटोच्या फाईलमध्ये लिहिलेला असतो. विक्रेत्याकडून आजच काढलेला, कोणतीही छेडछाड न केलेला एक जेपेग फोटो मागवावा, पण तो ईमेलने किंवा ड्राईव्हवरून मागवावा, कारण निरोपाच्या अॅपवरून पाठवलेल्या फोटोतील ही माहिती गळून जाते. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत हा आकडा फोटोत नसतो. तिथे कॅमेरा केबलने संगणकाला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने तो वाचावा लागतो. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेले फोटो आणि तासन्‌तास केलेले व्हिडिओ या आकड्यात सहसा धरले जात नाहीत, म्हणून तिथे केवळ आकड्यावर विसंबू नये.

आणि येथे मी बाहेरच्या जाणकारांपासून वेगळे मत देतो. आपल्या हवेत शटरचा कमी आकडा ही नेहमीच चांगली खूण नसते. पाच वर्षांत ४,००० फोटो काढलेला कॅमेरा बहुधा पाच पावसाळे कपाटात, कातडी पिशवीत, बंद अंधारात पडून राहिलेला असतो. ८०,००० फोटो काढलेला कॅमेरा दर आठवड्याला उन्हात, वाऱ्यात बाहेर निघालेला असतो. या दोहोंत मला दुसरा अधिक विश्वासाचा वाटतो.

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. माझ्या घरातील आर्द्रतामापक जुलैत कित्येक दिवस ८५ टक्क्यांच्या खाली उतरत नाही. चिऱ्याच्या भिंतींना ओल येते, चपलांवर, पुस्तकांवर आणि पट्ट्यावर जशी पांढरी बुरशी धरते तशीच ती लेन्सच्या आतल्या काचांवरही धरते. हवेतील आर्द्रता बराच काळ साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली आणि जागा अंधारी व वारा न लागणारी असली की बुरशीला आणखी काही लागत नाही. सुरुवातीला ती पुसून निघते. जुनी झाली की तिच्यातून निघणाऱ्या आम्लांमुळे काचेवरचा लेप कायमचा खराब होतो, आणि मग कितीही साफ केली तरी डाग राहतो.

हे मी स्वतः भोगले आहे. काही वर्षांपूर्वी जानेवारीत एका मोठ्या शहरातील विक्रेत्याकडून मी रिफर्बिश्ड ७०-२०० लेन्स घेतली. बाहेरून ती निर्मळ होती, दुपारच्या उजेडात काढलेले फोटोही स्वच्छ आले, आणि सहा महिन्यांची वॉरंटी होती. ती मी घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यातच ठेवत होतो. तरी पुढे एका दिवजोत्सवाच्या रात्री काढलेल्या फोटोंत प्रत्येक पणतीभोवती धुरकट वलय दिसले आणि काळोख जिथे गडद असायला हवा तिथे राखाडी झाला. घरी येऊन मागच्या बाजूने टॉर्चचा झोत टाकला तेव्हा आतल्या काचांच्या गटात कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरलेले दिसले, आणि त्यांच्या कडेला लेप खाल्ला गेल्याच्या जुन्या खुणा होत्या. म्हणजे ती बुरशी माझ्याकडे येण्यापूर्वीची होती. कोणीतरी ती एकदा पुसली होती आणि ती पुन्हा वाढली. विक्रेत्याने वॉरंटीच्या कागदावरचे वाक्य दाखवले, ज्यात बुरशी वगळलेली होती. ते वाक्य घेण्यापूर्वी मी वाचले होते, पण झोत टाकून पाहिले नव्हते. तेव्हापासून मी झोत टाकल्याशिवाय एकही लेन्स घेतलेली नाही, आणि आपणही घेऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

याच कारणाने वॉरंटीचे महिने मोजताना पंचांगही समोर ठेवावे. सहा महिन्यांची वॉरंटी ऑक्टोबरात सुरू झाली तर ती एप्रिलात संपते आणि संपूर्ण पावसाळा तिच्या बाहेर राहतो. बुरशी वगळली तरी ओलीमुळे होणारे इतर बिघाड, म्हणजे बटणे अडकणे, संपर्कपट्ट्या गंजणे, पडदा मधूनच बंद होणे, हे आपल्याकडे बहुधा जून ते सप्टेंबरातच उघडे पडतात. म्हणून थोडे पैसे जास्त द्यावे लागले तरी वर्षाची वॉरंटी मागावी. आणखी एक निरीक्षण सांगतो. पावसाळा संपता संपता आपल्या परिसरात विक्रीला येणारे जुने कॅमेरे व लेन्स अधिक बारकाईने पाहाव्यात, कारण चार महिन्यांनी पिशवी उघडल्यावर ज्यांना बुरशी दिसते, त्यांतले काही जण ती वस्तू त्याच महिन्यात काढून टाकतात.

प्रत्यक्ष तपासणीला एक तास राखून ठेवावा. कॅमेरा दूरून मागवला असेल तर परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे हे आधी लिहून घ्यावे आणि तो आल्याच्या दिवशीच हे सारे करावे. प्रथम पिशवी आणि बॅटरीचे झाकण उघडून वास घ्यावा. बंद खोलीचा कुबट वास आला तर तो कॅमेरा ओलीत राहिलेला आहे. मग लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून मागून लहान, तीव्र झोताचा टॉर्च तिरका धरावा आणि पुढून पाहावे. धुळीचे चार कण सर्वच लेन्समध्ये असतात, त्यांनी चित्र बिघडत नाही. तंतू, नक्षीसारखे ठिपके किंवा वाफ धरल्यासारखा पांढुरका थर दिसला तर लेन्स परत करावी, मग तिची किंमत कितीही मोहात पाडणारी असो. व्ह्यूफाईंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीतही, अशीच बुरशी धरते. तिचा फोटोवर परिणाम होत नाही, पण कॅमेरा कुठे राहिला होता याची ती साक्ष देते.

समुद्राकाठी वापरलेला कॅमेरा ओळखणे आपल्याकडे फार आवश्यक आहे, कारण लग्नापूर्वीच्या छायाचित्रणासाठी किनाऱ्यावर राबलेले आणि भाड्याने फिरलेले कॅमेरे शेवटी याच बाजारात येतात. फ्लॅश बसवण्याच्या खाचेत, तळाच्या स्क्रूंच्या डोक्यांवर, ट्रायपॉडच्या आट्यांत आणि बॅटरीच्या संपर्कपट्ट्यांवर हिरवट-पांढरी भुकटी किंवा गंज दिसतो का ते पाहावे. बाहेरचे एकाच ठिकाणचे रबर किंवा एकच स्क्रू नवा दिसत असेल तर तो का बदलला हे विचारावे. झूमचे कडे कानाजवळ धरून हळू फिरवावे. वाळू गेलेली असेल तर ती कुरकुरते आणि हाताला कळते. खारे पाणी आत शिरलेला कॅमेरा आज चालतो आहे याला काहीच अर्थ नसतो, कारण आतला गंज सावकाश वाढत राहतो.

सेन्सरसाठी दोन फोटो पुरेसे आहेत. छिद्र एफ/१६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा, फोकस मुद्दाम बिघडवून एक फोटो काढावा. धुळीचे ठिपके त्यात स्पष्ट दिसतात. धूळ साफ होते, पण रेषेसारखा ओरखडा साफ होत नाही. दुसरा फोटो लेन्सचे झाकण लावून, आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) १६०० वर, काही सेकंदांचा काढावा. त्यात दोन-चार चमकणारे ठिपके आले तर चिंता नको, पण आडवी-उभी सरळ रंगीत रेघ आली तर सेन्सरला इजा झालेली आहे. आपल्या किनारपट्टीवरील संगीताच्या कार्यक्रमांत आणि हल्ली लग्नाच्या रिसेप्शनमध्येही लेझरचे झोत सोडतात. तो झोत थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर अशीच कायमची खूण उमटू शकते. त्यामुळे असे कार्यक्रम टिपणाऱ्याचा कॅमेरा घेताना ही चाचणी टाळू नये. डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) फोकस पुढेमागे पडत नाही ना, हे तिरकस ठेवलेल्या वर्तमानपत्राच्या एका ओळीवर छिद्र पूर्ण उघडे ठेवून पाहावे. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच होत असल्याने ही अडचण सहसा येत नाही. निकॉनच्या मेनूत बॅटरीचे वय ० ते ४ असे दाखवतात. ३ किंवा ४ असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगावे.

आपण पाहिलेल्या मॉडेलबद्दलही काही सांगणे भाग आहे. डी७५० हा २०१४ सालचा, २४ मेगापिक्सेलचा, दोन कार्डांची सोय असलेला अतिशय गुणी कॅमेरा आहे आणि मी त्याच्यावर बरेच काम केले आहे. निकॉनने २०१५ मध्ये त्याच्या काही अनुक्रमांकांच्या शटरबाबत सूचना काढली होती आणि पुढे तिची व्याप्ती वाढवली. म्हणून आपल्याला दाखवलेल्या बॉडीचा अनुक्रमांक मागून, तो त्या यादीत येतो का आणि येत असल्यास शटर बदलले गेले का, हे विचारावे. याच घराण्यातील २०१२ च्या डी६०० मध्ये सेन्सरवर डाग पडण्याची तक्रार एवढी वाढली की २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्यांचेही शटर बदलून दिले. जुने मॉडेल घेण्याचा हा एक मोठा फायदा आहे की त्याचे दोष सर्वांना ठाऊक झालेले असतात. मात्र ते शोधून पाहण्याची तसदी घेणाऱ्यालाच तो फायदा मिळतो.

माऊंटचा, म्हणजे बॉडीला लेन्स जिथे बसते त्या जोडाचा, विचार बॉडीपेक्षाही दूरचा आहे. २०१८ मध्ये निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ माऊंट आणले, आणि तेव्हापासून दोन्ही कंपन्यांचे लक्ष मिररलेसकडे वळले. त्यामुळेच चांगले डीएसएलआर आज स्वस्त मिळतात. पुढे आपण मिररलेसकडे गेलात तर कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स अॅडॅप्टरवर फोकससह चालतात. निकॉनच्या एएफ-एस (आत मोटर असलेल्या) लेन्सही झेडवर फोकस करतात, पण जुन्या एएफ-डी प्रकारच्या लेन्स एफटीझेड अॅडॅप्टरवर हातानेच फोकस कराव्या लागतात. त्या एएफ-डी लेन्स डी५६०० सारख्या छोट्या बॉडीवरही आपोआप फोकस होत नाहीत, कारण त्या बॉडीत फोकसची मोटर नसते. डी७२०० आणि डी७५० मध्ये ती असते. कॅननच्या ईएफ-एम माऊंटचे कॅमेरे वापरलेल्या बाजारात फार स्वस्त दिसतात, परंतु ती मालिका बंद झाली आहे आणि तिच्या लेन्स आरएफवर बसत नाहीत. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

बोटीवर किंवा आखातात कामाला असलेल्या नातेवाइकाकडून कॅमेरा मागवण्याचा सल्लाही आपल्याला कोणी ना कोणी देईलच. किंमत कमी पडते हे खरे आहे, पण त्यासोबत भारतातील वॉरंटी येईलच असे नाही. घेण्यापूर्वी त्या मॉडेलच्या वॉरंटीच्या कागदावर देशाचे नाव काय आहे हे वाचून घ्यावे. स्थानिक माणसाकडून घेत असाल तर मूळ बिल, खोके आणि त्यांवरचा अनुक्रमांक बॉडीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे पाहावे. बिल नसेल तर मी ओळखीच्या माणसाकडूनही घेत नाही.

आता आपल्या बाबतीत माझे मत सांगतो. आपण दोनच पर्याय समोर ठेवले आहेत, त्यांत मला तिसरा अधिक योग्य वाटतो. बॉडी रिफर्बिश्डच घ्यावी, पण बजेटच्या साधारण निम्म्यात बसणारी घ्यावी. निकॉनमध्येच राहायचे असेल तर २०१५ चा डी७२०० पाहावा. तोही २४ मेगापिक्सेलचा आहे, त्याचेही शटर १,५०,००० वेळा तपासलेले आहे, त्यातही दोन कार्डे बसतात आणि मोटर असल्याने जुन्या स्वस्त लेन्सही त्याच्यावर चालतात. त्याच्यासोबत ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स शक्य तर नवी घ्यावी. क्रॉप सेन्सरवर ती ७५ मिलिमीटरसारखी दिसते, म्हणजे मांडवातील तिसऱ्या-चौथ्या रांगेतून नटाचा कमरेपासूनचा भाग नीट चौकटीत येतो. शिगम्यातल्या रोमटामेळाच्या मिरवणुकीत किंवा जत्रेच्या गर्दीत जवळून काढण्यासाठी एखादी साधी १८-५५ जुनी घेतली तरी भागेल. उरलेल्या पैशांतून एक अस्सल बॅटरी, दोन कार्डे आणि कोरडा डबा घ्यावा. डी७५० चा मोह मी समजू शकतो. बजेट ८०,००० पर्यंत वाढवणे आपल्याला खरोखर शक्य असेल आणि बॉडीने वरच्या चाचण्या पार केल्या, तर तो अवश्य घ्यावा, पण कर्ज काढून नव्हे.

माझे हे मत दोन परिस्थितींत बदलेल. लग्नांत फोटोंपेक्षा व्हिडिओचेच काम अधिक येणार असेल तर हे दोन्ही डीएसएलआर उपयोगाचे नाहीत. त्यांत ४के नाही आणि पडद्यावर पाहून चित्रीकरण करताना त्यांचा फोकस मंद पडतो. तशा वेळी मिररलेसच घ्यावा, आणि त्यात वापराचे तास मोजता येत नसल्यामुळे मी नव्याकडे झुकेन. आणि आपल्याला तपासणीसाठी वेळ किंवा सोबत जाणकार माणूस नसेल, परत करण्याची मुदतही मिळत नसेल, तरीही नवाच घ्यावा. लग्नाचे काम स्वीकारताना कॅमेरा नवा असो वा जुना, दुसरी बॉडी त्या दिवसापुरती भाड्याने सोबत ठेवावी. एखाद्या घरचा कन्यादानाचा क्षण पुन्हा घडवून आणता येत नाही, आणि ती जबाबदारी पैसे घेतल्याबरोबर आपली होते.

कोरड्या डब्याचा मी दोनदा उल्लेख केला, त्याचे कारण सांगतो. विजेवर चालणारे कोरडे कपाट परवडले तर उत्तम. नाहीतर रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा, आत एक लहान आर्द्रतामापक आणि नारिंगी सिलिका जेलच्या पिशव्या, एवढ्याने काम होते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. नारिंगी दाणे हिरवट झाले की ओव्हनमध्ये मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरावेत. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराईड असते, म्हणून ते स्वयंपाकाच्या भांड्यात कधीही तापवू नयेत आणि शक्यतो घेऊच नयेत. कॅमेरा ज्या पिशवीतून नेता, त्या पिशवीत तो घरी ठेवू नये. माशेलच्या चिखलकाल्यासारखे भर पावसातले काम करून आलात तर कॅमेरा आधी कोरड्या फडक्याने पुसून, बॅटरी व कार्ड काढून, पंख्याखाली काही तास ठेवावा आणि मगच डब्यात घालावा.

विक्रेत्याशी बोलताना तपासणीचा तपशील, वॉरंटीतून काय वगळले आहे, अनुक्रमांक आणि आजचा एक मूळ जेपेग एवढे मागून घ्या, आणि कॅमेरा मागचा पावसाळा कोणत्या गावात व कशात ठेवलेला होता हेही विचारा. उत्तर आले की त्या जेपेगसह मला कळवा. शटरचा आकडा आणि सेन्सरची स्थिती मी पाहून सांगेन, आणि फोंड्याला येणे जमले तर लेन्सवर झोत आपण दोघे मिळून टाकू.